ओरखडे मी काढले

आमच्या घरात ‘पॉलिश’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा.

आईच्या उप्पिटाची जरा जास्त तारीफ केली की पेपरामागून अण्णांचा आवाज यायचा, “पॉलिश नको.” शाळेतल्या बाई कशा हुशार आहेत, हे मी त्यांच्या देखत त्यांना सांगितलं आणि घरी येऊन तो प्रसंग मोठ्या अभिमानानं वर्णन केला, तेव्हाही तेच. “पॉलिश.” पेपर खालीसुद्धा आला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. चामराजपेटेतल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि बोलता बोलता कन्नड शब्द न विचारता शेजारी येऊन बसतात. अण्णांनी आयुष्यभर होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि तितकीच वर्षं युनियनची पत्रकं लिहिली. त्या पत्रकांत साहेबाच्या पुढेमागे नाचणाऱ्यांना एकच नाव होतं: पॉलिशवाले. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवर. ‘ळ’ हे अक्षर मला ‘टाळाटाळ’मध्ये भेटलं आणि ‘ज्ञ’ ‘अवज्ञा’मध्ये. बाकीच्या मुलांना कमळ आणि यज्ञ भेटला असेल.

याचा परिणाम माझ्या बुटांवर झाला. घरात पॉलिशची डबीच नव्हती. जून महिन्यात काळे असलेले माझे शाळेचे बूट दिवाळीपर्यंत पाटीच्या रंगाचे व्हायचे. रांगेत उभं करून विचारलं की मी सांगायचे, “आमच्याकडे तत्त्व आहे.” तत्त्वासाठी मी सकाळच्या उन्हात बराच वेळ उभी राहिलेली आहे.

तर अशा घरात वाढलेली मी मोठी होऊन पत्रकं लिहायला लागले यात कुणाला नवल वाटलं नाही. गेल्या खंडेनवमीच्या आधी मी एक लिहिलं होतं. आमच्या गल्लीत कुणीतरी भलामोठा खड्डा खणून ठेवला होता. पाण्यासाठी की केबलसाठी, कुणालाच माहीत नाही. ज्या कचेरीत जावं तिथे सांगायचे, आमचा नाही. मातीचा ढीग मात्र रोज थोडा थोडा प्रत्येकाच्या घरात येत होता. मी दोन पानी पत्रक लिहिलं, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. गल्लीत मराठी घरं मोजकीच. पण अण्णांचं म्हणणं, राग घरच्या भाषेतही करता आला पाहिजे. मजकूर मला अजून पाठ आहे: “चूक कुणाची, हे आम्ही शोधत बसणार नाही. ज्याची असेल त्यानं पुढे यावं, नाव सांगावं, दिवसाउजेडी सांगावं. झाकलेली चूक ही दुसरी चूक आहे.” शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते. ते मी आईला चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, “सरी सरी, बरं बरं, झाकण ठेव दुधावर.”

पत्रकं वाटून झाल्यावर नेहमीप्रमाणे एक गठ्ठा उरला. आणि उरलेल्या पत्रकांचं काय करायचं याचा आमच्या घरात ठरलेला रिवाज आहे. त्यांनी पुसायचं. आरसे, खिडक्यांच्या काचा, गॅसची शेगडी, चष्मे, सगळं. कुठल्या मागणीचं पत्रक होतं ते आमच्या आरशाच्या चकाकीवरून कळायचं, इतके ते निरनिराळे कागद. आमच्या घरी फडकं असं कधी विकत आणलेलंच नाही.

आता अक्का.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि दातांची डॉक्टर. तिला दातावरची केसाएवढी चीर दिसते. माणूस हसला की तिला तो काय खातो, कधी झोपतो आणि कुणाशी खोटं बोलतो हे समजतं, असं ती म्हणते. घरातलं पहिलं चारचाकी वाहन तिनं आणलं. लाल रंगाची छोटी गाडी. तिचा दरवाजा ती असा लावते की आवाज होत नाही, फक्त गाडी श्वास घेतल्यासारखी करते. गाडीच्या आत, स्क्रीनच्या खाली आणि गिअरच्या भोवती, चकचकीत काळ्या प्लास्टिकची रुंद पट्टी होती. इतकी काळी आणि इतकी गुळगुळीत की पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं तिथे पाणी साचलंय. पहिल्याच महिन्यात अक्काच्या अंगठीनं तिच्यावर गिअरजवळ चार बारीक रेषा उमटल्या. त्या दिवशी अक्का जेवली नाही. अंगठी तेव्हापासून कपाटात आहे.

खंडेनवमीला सगळ्या बेंगळुरूत गाड्यांची पूजा असते. रस्त्यावर त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. अक्का सकाळीच शेवंतीच्या माळा, कोहळा आणि केळीचे खुंट आणायला बाजारात निघाली. तिथून चिकपेटेत जाऊन गाडीच्या आरशाला बांधायला रेशमी फीतही आणणार होती. जाताना तिनं माझ्या हातात चावी ठेवली. या चावीसाठी मी सहा महिने तिच्या मागे होते. मला गाडी शिकायची होती.

“ऐक, कॉम्रेड,” ती म्हणाली. ती मला कॉम्रेडच म्हणते, आणि त्यात आदर शोधू नये. “बाहेरून धू. आतून स्वल्प झटक. मऊ निळं फडकं समोरच्या कप्प्यात आहे, आत तेच वापर. मी बारा वाजेपर्यंत येते. गाडीला काही झालं नाही, तर रविवारी तुला मैदानात चालवायला देते.”

“आणि झालं तर?”

“तर आयुष्यभर मागच्या सीटवर.”

एवढी सरळ, लेखी असावी तशी अट. मी खूश होऊन बादली भरली.

गाडी बाहेरून धुतली. काचा पत्रकांनी पुसल्या. काय चमकल्या! त्या काचेत गल्लीतला खड्डासुद्धा सुंदर दिसायला लागला. मग मी आत शिरले. काळ्या पट्टीवर खड्ड्याची माती पिठासारखी पसरली होती. समोरच्या कप्प्यात निळं फडकं होतं. मला ते आठवत होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते. पण हातात पत्रकाचा बोळा होता, काचा नुकत्याच चमकल्या होत्या, आणि अंगात उत्साह असा होता की मी त्या वेळी विधानसौधही पुसून काढला असता. शिवाय नवंकोरं फडकं धुळीसाठी मळवायचं हे मला चैनीचं वाटलं. मी कोरडा बोळा गोल गोल फिरवला, जोर लावून, पत्रकातली वाक्यं गुणगुणत.

गाडी सावलीत होती, त्यामुळे पाच मिनिटं मी सुखात होते.

मग समोरच्या इमारतीच्या टाकीवरून सूर्य वर आला आणि ऊन काचेतून थेट पट्टीवर पडलं.

तिथे कोळ्यानं घर केलं होतं. म्हणजे मला तसंच वाटलं. मी फुंकर मारली. हलेना. बोटानं पुसलं. हलेना. हजारो बारीक गोल रेषा, एकात एक, सूर्याच्या भोवती फेर धरलेल्या. मी डोकं डावीकडे नेलं की त्या डावीकडे यायच्या, उजवीकडे नेलं की उजवीकडे. माझा पिच्छा पुरवत होत्या! आणि मध्यभागी, धोक्याच्या दिव्याच्या बटणाखाली, तांदळाएवढी एक पांढरी खोल रेघ. मी बोळा उलगडला. दोन पानी पत्रक. कोपऱ्यात पिन.

मला हसू फुटलं. वाईट प्रकारचं, थांबता न येणारं हसू, जे मला शोकसभेत येतं. ‘झाकलेली चूक ही दुसरी चूक आहे’ या वाक्याच्या वेलांट्यांनी अक्काची गाडी खरवडली होती.

पहिली दहा मिनिटं मी काय केलं ते सांगते. खोबरेल तेल आणलं आणि लावलं. रेषा गायब! मी गाडीत बसून टाळ्या वाजवल्या. मग तेल पुसलं आणि रेषा परत. पुन्हा लावलं, गायब. पुसलं, परत. असं मी किती वेळा केलं ते विचारू नका. नंतर मोबाइलवर एक गृहस्थ सापडले, त्यांनी अशा ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळून दाखवली होती. ते अतिशय आत्मविश्वासानं हसत होते. त्यांचे दात अक्काला दाखवायला हवे होते. मी टूथपेस्ट चोळली. चमक होती तीही गेली, पट्टीवर धुकं आलं, आणि गाडीला पुदिन्याचा वास यायला लागला.

सव्वादहा वाजले होते. मी चप्पल घातली आणि रिक्षा पकडली.

जे. सी. रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. त्या दिवशी प्रत्येक दुकानापुढे केळीचे खुंट आणि झिरमिळ्या. एका दुकानाचे मालक शिडीवर चढून पाटीला माळ घालत होते. मी खालूनच फोटो दाखवला.

त्यांनी शिडीवरूनच एक डोळा मिटून पाहिलं. “पियानो ब्लॅक,” ते म्हणाले, जसं डॉक्टर रोगाचं नाव घेतात. मग हिंदी, कन्नड आणि हातवारे मिसळून त्यांनी सांगितलं ते असं: या प्लास्टिकला नुसतं रागानं बघितलं तरी ओरखडा पडतो. “कशानं पुसलं, मेडम?”

“कागदानं.”

“कसला कागद?”

“पत्रक. मागण्यांचं.”

ते शिडीवरून उतरले. मला वाटतं, असं गिऱ्हाईक त्यांना जवळून बघायचं होतं. त्यांनी एक छोटी गोल डबी काढली. झाकणावर मोठ्या अक्षरांत तो शब्द होता. आमच्या घरात न येणारा.

“पॉलिश,” ते म्हणाले. “फार बारीक आहे. स्वल्प हाकी, मेडम, थोडंच घाला. स्वल्प.” आणि अंगठ्यानं तर्जनीच्या टोकावर मोहरीएवढी जागा दाखवली. “जास्त घातलं की लोक परत येतात. मग नवी पट्टीच बसवावी लागते.”

परत येताना डबी मी ओढणीत लपवली. माझ्याकडे आयुष्यात बंदी घातलेली पुस्तकं होती, ती मी बसमध्ये उघडी धरून वाचली आहेत. ही डबी लपवावीशी वाटली.

घराच्या पायरीवर अण्णा बसले होते. हातात पेपर. दोन पावलांवर गाडी, दार उघडं, आतून पुदिन्याचा वास. पेपर खाली आला. आमच्या घरात पेपर खाली येणं ही घटना असते.

“ओढणीत काय आहे?”

मी खोटं बोलू शकले असते. पण समोर अण्णा होते, आणि माझ्याकडे खोटं तयार नव्हतं. “पॉलिश,” मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी डबी दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, चिमटीत थोडं घेऊन दोन बोटांत चोळलं, आणि कानाजवळ नेऊन ऐकलं. खरंच ऐकलं. “बारीक आहे,” ते म्हणाले. “चालेल. गाडी उन्हातून काढ. तापलेल्या प्लास्टिकला हात लावायचा नसतो.”

“मला चालवता येत नाही, अण्णा.”

“मग ढकल.”

मी ढकलली. अण्णांनी खिडकीतून हात घालून स्टीअरिंग धरलं. लाल गाडी खड्ड्याला वळसा घालून शेजाऱ्यांच्या भिंतीच्या सावलीत गेली. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, “पेट्रोल संपलं का हो?” अण्णा म्हणाले, “नाही, अक्कल.” काकू बराच वेळ हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

मग अण्णांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मी त्यांना ओळखेनाशी झाले.

आधी पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यांनी पट्टी नुसती भिजवली, टूथपेस्ट आणि तेल उतरवलं, दाबलं अजिबात नाही. निळं फडकं कप्प्यातून काढलं, झटकलं, गालावर फिरवून पाहिलं. बटणांच्या आणि सांध्यांच्या कडांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पांढरं तिथे जाऊन बसायला नको. मग मला म्हणाले, “नख फिरव. हळू.”

मी गोल रेषांवरून नख फिरवलं. काहीच लागलं नाही.

“हे जातील. आता तिथे.”

पिनेच्या रेघेवर नख टक्कन अडकलं.

“हा राहील. नख अडकलं तर तो ओरखडा आपला नव्हे. त्याच्या मागे लागलीस तर भोवती खड्डा होईल. खड्डे आहेत तेवढे पुरे.”

त्यांनी कोपऱ्यात, कुणाला न दिसणाऱ्या जागी आधी करून पाहिलं. मग फडक्याच्या टोकाला मोहरीएवढं पॉलिश घेऊन सरळ रेषेत जायला लागले. पुढे, मागे. पुढे, मागे. चार बोटं अशी सपाट, जणू झोपलेल्या बाळाच्या पाठीवर. “गोल नको. गोल हातानं गोल रेषा येतात, आणि त्या चारी बाजूंनी दिसतात. जाऊन ये, जाऊन ये. घे, तू कर. जोर नको. तू भाषण करतेस तसं नको.”

“अण्णा, तुम्हाला हे कसं येतं?”

“म्हणजे? मी होसकोट्याला काय करत होतो?”

“फिनिशिंगला होता.”

“मग फिनिशिंग म्हणजे काय? संपवणं?”

मी फडकं हातात धरून थांबले. कारखान्याच्या कँटीनमध्ये आमटी किती पातळ होती ते मला माहीत होतं. हातमोजे कितीदा मागितले, कंपनीची बस कुठल्या फाट्यावर बंद पडायची, पंखे कुठल्या बाजूला नव्हते, सगळं. पण अण्णा दिवसभर हातांनी काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ते नेहमी कारखान्याच्या दारावर उभे, हातात कागद घेऊन.

“टीव्हीच्या चौकटी,” ते म्हणाले. “काळ्या, चकचकीत. फिरत्या पट्ट्यावरून यायच्या. खोट असेल ती बाजूला काढायची आणि ओरखडा घालवायचा. माझ्या हातची चौकट परत आलेली नाही.” हे वाक्य ते अगदी साध्या आवाजात बोलले, पण कारखान्याच्या मागच्या फाटकापर्यंत ऐकू जावं असं.

“पत्रकात तर कधीच लिहिलं नाहीत.”

“पत्रकात काय मिळत नाही ते लिहायचं असतं. काय येतं ते कोण लिहितो?”

“आणि पॉलिशवाले ही शिवी? तुम्ही स्वतःच पॉलिशवाले होता!”

ते इतके हसले की त्यांना फडकं खाली ठेवावं लागलं. “अगं, शिवी आमच्याच टेबलावर तयार झाली. आम्ही पगार घेऊन पॉलिश करायचो. ते साहेबाला फुकट करायचे!”

मग मीही हसायला लागले आणि आम्ही दोघं त्या सावलीत, अर्धे गाडीत अर्धे बाहेर, खुळ्यासारखे हसत होतो. आई दारात येऊन पाहून गेली. ती म्हणाली, “दोघांचीही पूजा करून टाकू.”

“हे बघ,” अण्णा पुन्हा कामाला लागत म्हणाले. “तेलानं ओरखडा भरतो, म्हणून दिसत नाही. तो तिथेच असतो. पॉलिशनं तो भरत नाही. भोवतीचं सगळं केसाहून कमी झिजतं आणि त्याच्या पातळीला येतं. उंच-सखल राहत नाही, म्हणून दिसत नाही.”

“समता!” मी ओरडले.

“गप. फुंकर मार.”

तीन वेळा केलं. प्रत्येक वेळी पुसून मोबाइलचा दिवा तिरका धरून पाहायचं. पहिल्या खेपेला कोळ्याचं घर विरळ झालं, दुसरीला त्याचे फक्त धागे राहिले. तिसऱ्या खेपेला मी वाकले आणि पट्टीत माझं तोंड दिसलं, नाकावर पांढरा ठिपका, डोळे मोठे. अक्काच्या अंगठीच्या चार रेषाही गेल्या होत्या. मी उडी मारली आणि डोकं गाडीच्या छताला आपटलं. राहिली ती फक्त पिनेची रेघ. तांदळाएवढी.

तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षातून आधी केळीचे खुंट बाहेर आले, मग कोहळा, मग अक्का.

“गाडी इथे कशी?” असं म्हणत ती आत वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिनं गिअरजवळ बोट नेलं. जिथे तिच्या अंगठीच्या चार रेषा होत्या, तिथे.

“अय्यो! कॉम्रेड, इथले ओरखडे कुणी काढले?”

मराठी भाषेनं त्या क्षणी माझ्यावर फार मोठा उपकार करायचं ठरवलं होतं. मांजर ओरखडे काढतं. पॉलिश करणाराही ओरखडेच काढतो. गुन्हा आणि दुरुस्ती दोन्हीला आपल्याकडे एकच क्रियापद आहे. त्याच्या आत एक माणूस आरामात लपून बसू शकतो.

“मी,” मी म्हणाले. “मीच काढले.”

शब्दाला शब्द खरं होतं. अक्कानं मला मिठी मारली. रस्त्यावर, शेवंतीच्या माळांसकट. “तू? तुझ्या हातानं? अगं, मी तीन ठिकाणी विचारलं होतं, सगळे म्हणाले पट्टी बदला. रविवारी नाही, आजच देते तुला चालवायला! पूजा झाली की!” तिनं माझ्या केसांतून एक पाकळी काढली आणि पुन्हा मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. अण्णा पायरीवर जाऊन बसले होते. पेपर वर होता.

पेपरामागून, अगदी हळू, आवाज आला. “पॉलिश.”

अक्काला वाटलं ते डबीबद्दल बोलतायत. “हो ना, छान आहे, कुठून आणलं?”

मला मात्र शाळेच्या रांगेतलं ते ऊन डोक्यावर जाणवलं.

पूजेची तयारी झाली. आमच्या घरी खंडेनवमीला ओसरीवर अण्णांचं पत्रकं छापायचं जुनं सायक्लोस्टाईल मशीन मांडतात. अण्णा देवापुढे हात जोडत नाहीत, त्या मशीनपुढे जोडतात. त्याच्या शेजारी माझी पेनं, अक्काचा दात बघायचा छोटा आरसा, आईची विळी. मग सगळे गाडीकडे गेलो. आईनं बॉनेटवर गंध लावलं. चाकांखाली चार लिंबं ठेवली. अक्कानं कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. “आतून तू लाव. आज मान तुझा.”

मी आत बसले, ड्रायव्हरच्या जागेवर, जी मला आजच मिळणार होती. अंगठा कुंकवात बुडवला. स्टीअरिंगवर एक टिळा. गिअरवर एक. आणि तिसरा कुठे लावायचा ते माझ्या अंगठ्याला आधीच माहीत होतं. तांदळाएवढी रेघ, तेवढाच टिळा. कुंकू कुणी पुसत नाही. दिवाळीपर्यंत तसंच राहिलं असतं, नंतर जुनं झालं असतं, आणि मग कुणाला आठवतंय. यापेक्षा पवित्र झाकण मला जन्मात मिळालं नसतं.

पायाशी पत्रकाचा बोळा पडला होता. उलगडलेला, मराठी बाजू वर.

मी अंगठा ओढणीला पुसला. ती ओढणी अजून तांबडी आहे.

“अक्का,” मी म्हणाले, “ओरखडे मी काढले.”

“सांगितलंस की.”

“नाही. म्हणजे हो. मी काढले, आणि मग मी काढले.”

“काय?”

“आधी काढले. मग अण्णांनी आणि मी मिळून काढले. एक निघाला नाही. हा.” आणि मी बोट ठेवलं. “पत्रकानं पुसलं मी. निळं फडकं आठवत होतं, तरी पत्रकानं. पिनेचा आहे.”

गल्लीत कुणीतरी फटाका लावला. अक्का वाकली. दातातली चीर बघते तसा तिनं एक डोळा बारीक केला. मग नाक वर केलं.

“म्हणून पुदिन्याचा वास! मला वाटलं अण्णा इथे बसून दात घासत होते.” ती हसली नाही. तिनं बोटाच्या टोकानं रेघ चाचपली. “ते चार माझे होते,” ती म्हणाली. “मी त्यांच्यावर रडले होते. आता ते गेले, आणि हा तुझा आला.” मग तिनं बोळा उचलला, सरळ केला आणि भर गल्लीत खणखणीत वाचला: “ज्याची असेल त्यानं पुढे यावं, नाव सांगावं, दिवसाउजेडी सांगावं.” आणि माझ्याकडे बघितलं. “बारा वाजलेत. उजेड आहे.”

गच्चीवरच्या काकूंनी विचारलं, “खड्डा हिनं खणला होता होय?”

तेव्हा कुठे अक्का फुटली. ती दाराला धरून हसत होती, आई पदर तोंडाला लावून, आणि पेपर जोरजोरात हलत होता. त्या पत्रकाला आजवर एकच प्रतिसाद आलेला आहे, आणि तो माझा आहे. खड्डा अजून आहे.

अक्कानं कुंकवाचं ताट माझ्याकडून घेतलं. रेघेवर टिळा लावला नाही. “उघडी राहू दे,” ती म्हणाली. “प्रत्येक सिग्नलला मला दिसली पाहिजे आणि तुलाही.” मग ती ओसरीवर गेली, पॉलिशची डबी उचलून सायक्लोस्टाईल मशीनच्या शेजारी ठेवली आणि तिच्या झाकणावर ठसठशीत टिळा लावला. अण्णा पेपर घडी करून उठले. त्यांनी डबीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आणि हात जोडले.

कोहळा फुटला. लिंबं चिरडायला अक्का गाडीत बसली. अण्णा पुढे तिच्या शेजारी. मी चावीकडे बघत उभी होते.

“मागे,” अक्का म्हणाली.

“आयुष्यभर?”

“रविवारपर्यंत. कबुली दिलीस म्हणून. आणि हात मांडीवर.”

मी मागे बसले. हात मांडीवर. चार लिंबं एकदम फुटली, आणि गाडी खड्ड्याला वळसा घालून उन्हात आली. पुढच्या काळ्या पट्टीत आभाळ होतं, केळीची पानं होती, अण्णांचा गुडघा होता. आणि मधोमध तांदळाएवढी माझी सही.